उंबरबोल

८ फेब्रुवारी

चि. खारू,

उदंड आशीर्वाद.

पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे म्हणून हसू नकोस. मागच्या बाजूला काकांच्या गोळ्यांचं पत्रक छापलेलं आहे, त्यामुळे माझ्या खुशालीबरोबर तुला पित्ताच्या गोळीचे दुष्परिणामही फुकटात वाचायला मिळतील. कोरी बाजू दिसली की मला कागद टाकवत नाही.

फोन सोडून पत्र का, तर हे हल्ली फोन मोठ्या आवाजावर लावतात. कान गेले आहेत, पण ते कबूल कोण करणार! म्हणे, फोनचाच घसा बसलाय. आपलं बोलणं पार जिन्यापर्यंत ऐकू जातं, आणि आजचं बोलणं जिन्यात जाण्यासारखं नाही.

ताईचं पाळणाघर बरं चाललं आहे. तिचं बाळ गेलं त्याला आता वर्ष होईल. आलं ते न रडताच आलं बिचारं, तसंच गेलं. लोक म्हणत होते, दुसऱ्यांची पोरं सांभाळून तिला उलट त्रास होईल. पण खरं सांगू, ती पोरंच तिला सकाळी अंथरुणातून उठवतात. जावई भले आहेत, पण ती रडायला लागली की ते घड्याळाकडे बघतात.

मागच्या आठवड्यात ती आली, चप्पल काढली आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. तुला कळलंच असेल. उंबरबोल!

हा शब्द माझ्या आईनं काढलेला. दुसऱ्या कुणाच्या घरात मी तो कधी ऐकला नाही. मनावर दगड असला की उंबऱ्याशी आतून बसायचं, लाकडावर हात ठेवायचा आणि बोलून टाकायचं. बोललेलं आत राहतं, बाहेर जात नाही. तुझ्या आईनं आणि मी लहानपणी माहेरच्या उंबऱ्यावर काय काय ओतलं असेल! आणि तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस, इवलीशी, तेव्हा तूही एक दिवस इथल्या उंबऱ्याशी बसली होतीस. काय सांगितलंस ते कागदावरसुद्धा लिहिणार नाही. काकांना आजतागायत ठाऊक नाही.

म्हणून ताईचंही तुला सांगत नाही. एवढंच की, ऐकल्यापासून घास घशाखाली उतरत नाही. देवाला सांगावं म्हणून बसते, तर शेजारच्या खुर्चीत हे मोठ्यानं पेपर वाचत असतात. देवानं माझं ऐकावं की कांद्याचा भाव ऐकावा?

मग शेजारच्या शिवणवालीनं एक प्रार्थनेची साइट दाखवली. आपलं दुःख लिहायचं, ज्याच्यासाठी प्रार्थना त्याचं नाव आणि नंबर द्यायचा, म्हणजे आशीर्वाद पोचतो. फुकट आहे. तरी मी लगेच लिहिलं नाही हं. मी मॅट्रिक झालेली बाई, शेवटची ओळ वाचल्याशिवाय दूधवाल्याच्या कार्डावरही सही करत नाही. खाली बारीक अक्षरात 'गोपनीयता धोरण' होतं. अंघोळ करून, चष्मा पुसून, ते अथपासून इतिपर्यंत वाचायला बसले. हे म्हणाले, "अगं, ते कुणी वाचत नाही. खाली 'मान्य आहे' लिहिलंय ना, ते दाबायचं."

मी म्हटलं, "तुम्ही लग्नातही असंच केलंत वाटतं."

"हो ना," म्हणाले, "अटी अजून कळताहेत."

तर खारू, पहिलीच ओळ वाचली. जशीच्या तशी उतरवते: 'तुम्ही इथे जे सांगाल, तो आमच्यासाठी उंबरबोल आहे.'

उंबरबोल! माझ्या आईचा शब्द, त्या काचेवर! मी फोन खाली ठेवला आणि हात जोडले. असा शब्द माणसं पाठवत नाहीत. मला विचारशील तर तुझ्या आईनंच वरून पाठवला, धाकट्या बहिणीची तडफड बघवेना म्हणून.

तू असलेच कागद इंग्रजीतून मराठीत करतेस ना? जरा वाचून सांग, सगळं नीट आहे ना ते. विचारते आहे खरी, पण मी लिहून मोकळी झाले आहे. ताईचं नाव दिलं, नंबर पाळणाघराचा दिला, तोच मला पाठ आहे.

कालपासून दोन घास जास्त जेवते आहे.

तुझी,
मावशी


१९ फेब्रुवारी

ती. मावशी,

नमस्कार. पत्र मिळालं. पित्ताच्या गोळीनं तोंड कडू पडतं हे कळलं, काकांना सांग.

तू म्हणतेस ती साइट मी बघितली. तसं घाबरण्यासारखं काही नाही. सगळ्या साइटवर साधारण असंच असतं, कायद्यानं लिहावं लागतं म्हणून लिहितात. वकील मजकूर ठरवतात, मराठी करणारा आपला शब्दाला शब्द लावतो. पण मावशी, ताईचा नंबर द्यायला नको होतास गं. तिचं नाव तरी कशाला? देवाला नंबर लागतो का?

तू असं कर. साइटवर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यावर बोट ठेव. 'माझ्या प्रार्थना' येईल. त्यात तुझी प्रार्थना असेल, तिच्याखाली 'काढून टाका' आहे, ते दाब. नाही जमलं तर शिवणवालीला सांग, पण तिला वाचू देऊ नकोस.

तो शब्द तिथे कसा आला, कोण जाणे. कुणाला तरी सुचला असेल. शब्द काय, कुणालाही सुचतात.

माझं बरं चाललं आहे. खोलीला आता खिडकी आहे, समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पण दिवस-रात्र कळते. कामावर आमच्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. म्हणाल्या, "हिची भाषा घरातली आहे. बाकीचे सगळे कचेरीतलं मराठी लिहितात." पगारही थोडा वाढेल म्हणतात. तुला साडी घेईन. नको म्हणू नकोस.

पण ते काढून टाक हं. आठवणीनं.

तुझी,
खारू


२ मार्च

चि. खारू,

आशीर्वाद. साडी नको. आहेत त्याच कपाटात एकमेकींशी भांडताहेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रार्थना काढून कशी टाकायची गं? केलेला नमस्कार कुणी परत घेतं का? आणि तूच लिहितेस घाबरण्यासारखं काही नाही, आणि तूच लिहितेस काढून टाक. एका पत्रात दोन जिभा! असं लिहिणारी तू नव्हतीस. शहरानं भित्री केली तुला.

मी ते धोरण पुन्हा वाचलं, तुझ्यासाठी. त्यात स्वच्छ लिहिलं आहे, 'आम्ही तुमची माहिती विकत नाही.' पुढे आहे, 'तुमचं सांगणं आम्ही आमच्या परिवारातल्या विश्वासू सोबत्यांबरोबर, तुमच्याच भल्यासाठी, वाटून घेऊ शकतो.' मग? विकणं वेगळं आणि वाटून घेणं वेगळं. दुःख वाटून घेतलं की हलकं होतं, हे मी तुला भाजी निवडता निवडता शिकवलं होतं. जे तिथे प्रार्थना करतात तो त्यांचा परिवार, ते सोबती. त्यांना कळल्याशिवाय ते ताईसाठी हात जोडणार कसे? तुझ्या मराठीचं एवढं कौतुक होतं आणि तुला 'वाटून घेणं' कळू नये?

आणि गुण येतो आहे, खारू. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, 'आम्ही तुमच्या लेकीसाठी प्रार्थना करत आहोत', सोबत तेवत्या दिव्याचं चित्र. तेव्हापासून माझ्या फोनवर काय काय येतं! मन शांत करण्याच्या गोळ्या, झोप लागण्याचं तेल, आई होऊ न शकलेल्या बायकांसाठी कसलंसं शिबिर. मी कुणाला एक अक्षर बोललेले नाही, तरी त्याला नेमकं कळतं की या घरात काय दुखतं आहे. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, देव किती बारीक लक्ष ठेवतो बघा. हे म्हणाले, "देव नव्हे, दुकानदार." ह्यांची श्रद्धा पहिल्यापासूनच कच्ची.

ताई रविवारी आली होती. किती दिवसांनी हसली! पाळणाघरातलं एक कार्टं तिला 'आई' म्हणायचं सोडून 'ताईबाई' म्हणतं, त्याची नक्कल करत होती. जाताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तुला सांगितलं ना आई, त्या दिवसापासून जरा कमी झालंय." मला दुसरं काय हवं होतं!

तेव्हा उगीच काळजी करू नकोस. जेवण वेळेवर कर. भिंतीकडे बघून जेवायचं असलं तरी बसून जेव.

तुझी,
मावशी


११ मार्च

ती. मावशी,

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि लगेच लिहिते आहे. काल फोन केला होता, काकांनी उचलला. "सगळं मजेत! बोल, मोठ्यानं बोल," म्हणाले. मागे शिवणवालीचा आणि आणखी कुणाचा तरी आवाज येत होता. मी काय बोलणार? तू नंतर फोन घेतलास तेव्हाही मी हवापाणी विचारून ठेवला. माझं चुकलं. तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं.

आता नीट वाच. परिवार म्हणजे प्रार्थना करणारी माणसं नव्हेत. परिवार म्हणजे दुकानं. औषधांची, दवाखान्यांची, विम्याची. ज्यांचा ज्यांचा त्या साइटशी करार आहे ती सगळी. सोबती म्हणजे तेच. 'वाटून घेतो' म्हणजे तू लिहिलेलं त्यांच्या हातात देतो. त्याबद्दल साइटला पैसे मिळत नाहीत, दुसरं काहीतरी मिळतं, म्हणून 'विकत नाही' हे खरं ठरतं. काका म्हणाले तेच बरोबर आहे.

आज काढून टाक. हे पत्र हातात असतानाच. तीन आडव्या रेघा, उजवा कोपरा.

आणि ताईला आधी तूच सांग. तिला दुसरीकडून कळायच्या आत.

खारू


२७ मार्च

खारू,

तुझं पत्र आलं ते सगळं होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

आता तुला सांगायला हरकत नाही. आता ते उंबऱ्याआतलं राहिलेलंच नाही. पेठेतल्या भाजीवालीलाही ठाऊक आहे.

ताईला बाळ रडल्याचं ऐकू येतं. आतल्या खोलीतून. न रडता गेलेलं तिचं बाळ. ती उठून जाते, बघते, काही नसतं, येऊन पुन्हा कामाला लागते. बाकी तिचं सगळं नीट आहे, कुणाच्या पोराला ओरखडा उठू दिलेला नाही तिनं. हेच तिनं मला सांगितलं होतं. फक्त मला, जावयांनाही नाही.

त्या दिवशी सकाळी एक बाई आपलं मूल सोडायला पाळणाघरात आली होती. ताईचे हात साबणाचे, एकाचं तोंड धूत होती. फोन वाजला तेव्हा ताईच तिला म्हणाली, "उचल गं जरा." पलीकडून गोड आवाजाची मुलगी. ताईचं नाव घेऊन विचारलंन, तीच का. या बाईनं, निरोप घ्यावा म्हणून, "हो, बोला" म्हटलं. मुलगी म्हणाली, "आपल्याला रिकाम्या पाळण्यातून बाळाचं रडणं ऐकू येतं असं आपण कळवलं होतं. आमच्या मानसोपचार केंद्रात पहिली भेट सवलतीत आहे."

रिकाम्या पाळण्यातून. खारू, हे शब्द ताईचे नव्हेत. ती 'आतल्या खोलीतून' म्हणाली होती. रिकामा पाळणा मी घातला. देवाला नीट डोळ्यांसमोर यावं म्हणून.

त्या बाईनं फोन ठेवला, भिंतीकडेच्या पाळण्यांकडे बघितलं, आणि आपलं मूल उचलून घेतलं. दुपारपासून बाकीच्या यायला लागल्या. कुणी म्हणाली गावाला जायचंय, कुणी म्हणाली सासू आलीय सांभाळायला. एक तेवढी खरं बोलली, "तुमच्यावर विश्वास आहे हो, पण लेकरू आहे माझं." त्यांना तरी काय बोलू? माझं लेकरू असतं तर मीही उचललंच असतं. जावयांना त्यांच्या कचेरीत, दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

संध्याकाळी ताई आमच्या दारात आली. चप्पल काढली नाही. मी म्हटलं, "आत तर ये."

"नको," म्हणाली. "इथलं आतलं बाहेर जातं."

मी म्हटलं, "अगं, मी माणसाला कुणाला सांगितलं नाही. देवाला सांगितलं."

"नंबर कुणाचा दिलास, आई? देवाचा?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुला सांगितल्यावर कमी झालं होतं," म्हणाली, आणि जिना उतरून गेली. हे आतून विचारत होते, "कोण आलंय? कोण आलंय?"

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र. तरी मी 'काढून टाका' दाबलं. त्यानं विचारलं, 'तुम्हाला नक्की जायचं आहे का?' सोबत तेच दिव्याचं चित्र. मला क्षणभर वाटलं, कुणाचं मन मोडतोय आपण. बघ माझी अक्कल!

गेले काही दिवस दुपारी हे झोपले की मी बसते आणि वजाबाकी करते. तुला माहीत आहे, ताळा जमला नाही की मला चैन पडत नाही. उंबरबोल हा शब्द जगात किती जणांना ठाऊक? माझी आई, ती गेली. तुझी आई, ती गेली. ह्यांना मी कधी सांगितलेला नाही, ह्यांना तो उंबराच्या झाडाचा काही प्रकार वाटेल. शिवणवालीलाही मी तो बोलून दाखवलेला नाही. राहिलो मी, ताई आणि तू. मी दिला नाही. ताईनं दिला नाही.

मी देवाचं नाव घेतलं, तुझ्या आईचं नाव घेतलं, सगळ्यांची नावं घेतली. तुझं घ्यायला जीभ वळेना.

एकच ओळीत उत्तर दिलंस तरी चालेल.

मावशी


६ एप्रिल

ती. मावशी,

हो.

एका ओळीत उत्तर दिलं. पण तेवढ्यावर थांबले तर तू उरलेलं स्वतःच जुळवशील, आणि माझ्या बाजूनंच जुळवशील, म्हणून लिहिते.

इंग्रजीत तिथे होतं, आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो. मी तसंच मराठी करून दिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "हे भिंतीवरच्या पाटीसारखं आहे. वाचणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. असं काहीतरी आण की ज्यावर तू स्वतः डोळे मिटून विश्वास ठेवशील." मी डोळे मिटले. मला तुझा उंबरा दिसला. माझ्याकडे विश्वास ठेवण्यासारखं दुसरं काय होतं, मावशी?

परिवारही माझाच. मूळ शब्द होता 'संलग्न कंपन्या'. बाई म्हणाल्या, हा शब्द आला की लोक थबकतात. मग मी परिवार लिहिला. सोबती लिहिला. वाटून घेणं लिहिलं, भाजी निवडताना शिकलेलं. वकिलांनी एकेक शब्द तपासला. त्यातला एकही खोटा नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पण वाढणारा पगार आणि ते कौतुक डोळ्यांसमोर आलं, आणि वाटलं, काही होणार नाही. लाखो लोक लिहितात, कोण कुणाचं वाचतं!

परवा बाईंकडे गेले. म्हटलं, तो शब्द काढा. त्यांनी मला कागद दाखवला. त्यांनी काही लोकांना जुनं पान दाखवलं, काहींना माझं. जुन्या पानावर लोक रेंगाळतात, काही परत जातात. माझ्या पानावर सरळ 'मान्य आहे' दाबतात. बाई म्हणाल्या, "अगं, हा तर आपला सगळ्यांत गुणी शब्द आहे." मी म्हटलं, माझ्या आजीचा आहे. त्यांनी करार काढला. मी कामावर जे लिहीन ते त्यांचं, असं त्यात लिहिलेलं आहे. खाली माझी सही. तो मी न वाचताच केला होता. सगळे तसाच करतात.

मी काम सोडलं तरी शब्द तिथेच राहील.

ताईला पत्र लिहिलं, दोनदा फोन केला. ती उचलत नाही. तू मला वाट्टेल ते बोल. फक्त 'शहरानं तुला असं केलं' म्हणू नकोस. शहरानं नाही केलं.

खारू


२३ मे

चि. खारू,

बरेच दिवस लिहिलं नाही. रागानं नव्हे. म्हणजे रागानंच, पण राग कुणाच्या नावावर मांडायचा ते ठरेना. तुझ्या नावावर मांडते तर तू मला आठवतेस, फ्रॉकची कड तोंडात घालून उंबऱ्याशी बसलेली. देवाच्या नावावर मांडते तर त्यानं काही लिहून दिलेलं नव्हतं. शेवटी माझ्याच नावावर मांडला. अख्खं धोरण वाचणारी मी एकटी बाई, आणि वाचून फसणारीही मीच. न वाचणारे निदान नशिबाला बोल लावतात.

तुझा शब्द, म्हणजे माझ्या आईचा, अजून तिथे आहे. शिवणवालीनं परवा कौतुकानं दाखवला, "किती छान लिहिलंय बघा हो." मी तिला म्हटलं, त्यात काही लिहू नका. ती म्हणाली, "का हो? किती आपुलकीनं लिहिलंय." काय सांगू तिला? की ती आपुलकी खरीच आहे, म्हणूनच लिहू नका?

आता आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. मी देवापुढे बसते, ओठ मिटून. हे म्हणतात, "हल्ली तुझी प्रार्थना ऐकू येत नाही." मी म्हणते, तुमचे कान गेलेत. पहिल्यांदाच त्यांनी मान्य केलं. बहुतेक माझ्याकडे बघूनच.

पाळणाघर बंद झालं. पाळणे तिनं विकले नाहीत, कुणाला तरी देऊन टाकले. आता ती एका दुकानात खोकी बांधायचं काम करते. जावई तिला सोडायला जातात, आणायला जातात, आणि घड्याळाकडे बघत नाहीत, एवढं एक बरं झालं. तिचा दर रविवारी फोन येतो. "कशी आहेस आई?" "ठीक. तू?" "सगळं ठीक." अगदी गोड बोलते. त्या धोरणासारखं, एकही शब्द खोटा नाही, आणि आत काय आहे ते कळत नाही.

गेल्या रविवारी मीच गेले तिच्याकडे. तिनं बस म्हटलं, चहा टाकला, गुडघ्याची चौकशी केली. तुझं नाव मी काढलं. ती म्हणाली, "तिला सांग, पत्रं मिळाली." एवढंच म्हणाली, पण मिळाली म्हणाली. तू लिहीत राहा. उत्तर मागू नकोस.

चहा ओतताना मध्येच तिचा हात थांबला.

यापुढे मी पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या. तिनं मान कशी वळवली, कुठे बघितलं, सगळं. मग वाचून पाहिलं आणि खोडलं. तुला इथे निळी पट्टी दिसते आहे ती हीच. गिरवून गिरवून खोडलं आहे, शाई पलीकडे उमटली, पित्ताच्या गोळीचं नावसुद्धा आता वाचता येत नाही. कागद उजेडाला धरून बघू नकोस. ते तिचं आहे. तिनं मला सांगितलेलं नाही, मी फक्त तिथे होते.

थोड्या वेळानं तिनं कप पुढे केला आणि म्हणाली, "काय म्हणत होतीस, आई?"

मी म्हटलं, "काही नाही."

आणि तुझं ते लहानपणीचं, ते अजून माझ्याकडेच आहे. सुट्टी मिळाली की ये.

तुझी,
मावशी